साठीनंतर लायसन्सचं नूतनीकरण: आधी डोळे, मग कागद

पाकिटातून लायसन्स काढा आणि चष्मा लावून त्यावरची तारीख वाचा. कार्डावर मुदतीपाशी एनटी आणि टीआर अशी अक्षरं असतात. एनटी म्हणजे घरची गाडी. टीआर म्हणजे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो असली भाड्याची गाडी. आपल्याला बघायची ती एनटीची तारीख. ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवा, काहीही करा, पण ती दोन ठिकाणी असू द्या. माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना आपल्या लग्नाची तिथी आठवते, ही तारीख आठवत नाही.

निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीतल्या आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या मंडळींचे हे अर्ज मी भरून देतो. मोबदला म्हणजे एक कप चहा आणि सरकारबद्दलच्या भरपूर तक्रारी. इतके अर्ज भरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. लोक कागद गोळा करण्यापासून सुरुवात करतात आणि डोळ्यांपाशी येऊन अडकतात. मग घाईघाईत नवा चष्मा, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीतून सही. हा क्रम उलटा करा. डोळ्यांचं आधी बघितलं की कागदांचं काम एका दुपारचं आहे. मी त्याच क्रमाने सांगतो, फक्त मुदतीचा हिशेब आधी उरकू.

मुदत किती आणि अर्ज कधी

गाडी चालवायला आपल्या कायद्यात वरची वयोमर्यादा नाही. ऐंशीव्या वर्षीही लायसन्स मिळू शकतं. फक्त वय वाढतं तशी एका वेळी मिळणारी मुदत आखडते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातली मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली आणि घरच्या गाडीसाठी हिशेब असा झाला: तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नास या वयात काढलं किंवा नवं करून घेतलं तर १० वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये केलं तर साठ पूर्ण होईपर्यंत. आणि पंचावन्ननंतर दर खेपेला ५ वर्षं. भाड्याच्या गाडीचं लायसन्स मात्र कुठल्याही वयात ५ वर्षांचंच. २०१९ च्या आधी घरच्या गाडीला २० वर्षं किंवा पन्नाशी, यांतलं जे आधी येईल ते, असा नियम होता. त्यामुळे तुमच्या जुन्या कार्डावरची तारीख या नव्या हिशेबात बसली नाही तर डोकं खाजवत बसू नका. कार्डावर छापलेली तारीख खरी.

अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. हे फार कमी जणांना ठाऊक असतं आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा मुलांकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्यांना आहे. तिकडे असताना मुदत संपणार असेल तर निघण्याआधीच काम करून टाका. मुदत संपल्यावरही एक वर्षापर्यंत अर्ज घेतात. वर्ष उलटलं तर मात्र पुन्हा ट्रॅकवर जाऊन गाडी चालवून दाखवावी लागते, आणि चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला विशीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहायला कसं वाटतं ते मी पाहिलं आहे.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. मुदतीनंतरचं ते एक वर्ष अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जाई. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली. आता मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विनापरवाना. त्याचा दंड कायद्यात ५,००० रुपये आहे, आणि गाडी मुलाच्या नावावर असेल तर ती तुमच्या हाती दिल्याबद्दल त्याच्यावरही वेगळा बसू शकतो. दंड परवडला. त्या काळात गाडी कुठे घासली-आपटली आणि विमा कंपनीने लायसन्सची तारीख पाहून हात वर केले तर ते दुखणं मोठं असतं.

पंचवीस मीटरचा प्रश्न

डोळ्यांबद्दल कायदा नेमकं काय विचारतो? लोकांना वाटतं, चष्म्याचा नंबर अमुक इतक्याच्या आत हवा असा काही नियम असेल. तसा नाही. अर्जासोबतच्या फॉर्म १ मध्ये, म्हणजे तुम्ही स्वतः सही करून द्यायच्या घोषणापत्रात, प्रश्न सरळ आहे: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर तो लावून, २५ मीटरवरून मोटारगाडीची नंबर प्लेट तुम्हाला ओळखता येते का? आणि हे प्रत्येक डोळ्याने यायला हवं. ‘प्रत्येक डोळ्याने’ हे दोन शब्द सगळे वाचून पुढे जातात.

हे घरी तपासता येतं आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी तपासावंच. पंचवीस मीटर मोजायला टेप नसेल तर क्रिकेटची खेळपट्टी आठवा. विकेटपासून विकेटपर्यंत २० मीटरला जेमतेम १२ सेंटीमीटर जास्त. त्यात सात-आठ पावलं मिळवली की झालं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंपरला बंपर लावून सहा छोट्या गाड्या उभ्या केल्या तर जवळपास तेवढं अंतर होतं. सकाळी नऊ-दहाला, ऊन तुमच्या पाठीशी असेल असे उभे राहा. प्लेट चारचाकीचीच घ्या, कारण स्कूटरच्या प्लेटवरची अक्षरं लहान असतात. नियमाप्रमाणे चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड. याचं गणित मांडलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावर ६/९ आणि ६/१२ या ओळींच्या मधली कुठेतरी नजर लागते. ६/१२ म्हणजे निकोप डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. म्हणजे नियम फार कडक आहे असं नाही. पण फार ढिलाही नाही.

आणि स्वतःच्या गाडीची प्लेट वाचू नका. हे मी अण्णांमुळे शिकलो. अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, वय त्र्याहत्तर. रेषेवर उभे राहिले, समोर त्यांचीच गाडी, आणि धडाधड नंबर म्हणून मोकळे. म्हणणारच. अकरा वर्षं तो नंबर सगळ्या फॉर्मांवर लिहिलाय. मग मी त्यांना शेजारच्या विंगमधल्या पाहुण्यांच्या गाडीसमोर नेलं. दोन्ही डोळ्यांनी वाचला, बरोबर. डावा झाकून वाचला, बरोबर. उजवा झाकला आणि अण्णा थांबले. पहिला आकडा तीन की आठ यावर अडखळले, शेवटचे दोन आकडे चक्क सोडून दिले. मग शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि मला म्हणाले, “त्या प्लेटवर धूळ किती बसलीय बघा. पुसून या जरा.” मी पुसून आलो. धूळ नव्हती, पण पुसून आलो. आकडे तसेच राहिले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच पिकला होता आणि उजवा डोळा दोघांचं काम ओढत असल्यामुळे त्यांना ते कळलंच नव्हतं.

तीन आणि आठ, सहा आणि आठ, शून्य आणि डी, आठ आणि बी. चूक होते ती याच जोड्यांत. एखादा आकडा ‘अंदाजाने’ सांगितला तर तो दिसला नाही असंच धरा. अंदाज बांधण्यात आपली पिढी हुशार आहे.

नंबर प्लेटमध्ये न सापडणारी दुखणी

प्लेट वाचता आली म्हणजे डोळे उत्तम, असं मात्र नाही. भर दिवसा, उभं राहून, समोरची एक वस्तू बघायची ही परीक्षा आहे. गाडी चालवताना धोका बाजूने येतो आणि बऱ्याचदा अंधारात येतो.

काचबिंदू हा यातला सगळ्यात मुखदुर्बळ आजार. तो कडेची नजर खात येतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, नंबर प्लेट वाचतो आणि डाव्या गल्लीतून आलेली सायकल त्याला दिसत नाही. बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही. डोळ्याचा दाब मोजून, मागची नस बघून आणि फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजणारी चाचणी, करूनच तो कळतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येते. घरात आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर तुम्ही टाळाटाळ करूच नका. तुमच्या गाडीला गेल्या वर्षभरात एकाच बाजूने ओरखडे पडत असतील तर पार्किंगला नावं ठेवण्याआधी ही तपासणी करून घ्या.

मोतीबिंदूचं उलट. तो आपली वर्दी देतो, पण रात्री. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून पसरल्यासारखा होतो, दिव्याभोवती वलयं दिसतात, गाडी गेल्यावर दोन-तीन सेकंद रस्ता गायब. लोक म्हणतात, हल्लीचे एलईडी दिवेच वाईट. दिवे डोळ्यांवर येतात हे खरं, पण पुढच्या सीटवर बसलेल्या सुनेला रस्ता दिसतो आणि तुम्हाला दिसत नाही, तर दोष नुसत्या दिव्यांचा नाही. शिवाय मोतीबिंदू नसला तरी वयाने बाहुली आखडते आणि आतलं भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. पावसाळ्यात संध्याकाळी सातला आंबा घाट उतरताना हे एक तृतीयांश म्हणजे काय ते समजतं. रात्रीसाठी म्हणून पिवळ्या काचांचे चष्मे विकतात, ते घेऊ नका. काच कुठल्याही रंगाची असो, ती उजेड कमीच करते, आणि तुम्हाला आधीच तो अपुरा आहे. त्यापेक्षा चष्म्याला अँटी-ग्लेअर कोटिंग करून घ्या आणि गाडीची पुढची काच आतल्या बाजूने पुसा. आतला तेलकट थर कुणी पुसत नाही.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचाच, लायसन्स असो नसो. साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही काही दिवस हलतो, तेव्हा साखर बिघडलेली असताना नवा चष्मा करू नका. पैसे वाया जातात.

डोळे तपासायला जाताना स्वतः गाडी नेऊ नका. पडदा बघायला थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पुढचे चार-सहा तास उजेडात डोळे उघडवत नाहीत. रिक्षाने जा आणि येताना काळा चष्मा बरोबर असू द्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याची वेळ लायसन्सच्या तारखेशी जुळवा. ऑपरेशननंतर थेंबांचा महिना-सव्वा महिना जातो, चष्म्याचा पक्का नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी मिळतो. दुसऱ्या डोळ्याचंही करायचं असेल तर तेवढाच काळ आणखी. मधल्या दिवसांत एका डोळ्यात नवं भिंग आणि दुसऱ्यात जुना मोतीबिंदू अशी ओढाताण असते. त्या काळात गाडी चालवायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. म्हणजे लायसन्स दिवाळीला संपत असेल तर ऑपरेशन आषाढात उरकलेलं बरं. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारं, भिंग बसवणार असाल तर रात्री गाडी चालवता हे डॉक्टरांना आधी सांगा. त्या भिंगाने काहींना दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि हे बसवल्यावर कळून उपयोग नसतो.

फॉर्म १ आणि फॉर्म १-अ

आता कागद. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला नूतनीकरणासाठी दोन गोष्टी लागतात. फॉर्म १ तुमचा, फॉर्म १-अ डॉक्टरांचा.

फॉर्म १ मध्ये नंबर प्लेटशिवाय आणखी विचारतात: फिट्स किंवा अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं असा त्रास आहे का, हात-पाय धड आहेत का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का. कानाचं यंत्र वापरत असाल तर घाबरू नका, हलक्या वाहनाला ते चालतं. रंगांबद्दल जून २०२० मध्ये नियम सैल झाले. सौम्य ते मध्यम रंगांधत्व असलेल्यांना आता लायसन्स मिळतं, तीव्र असेल तरच अडतं. या घोषणापत्रावर खोटं लिहू नका. चक्कर येते आणि ‘नाही’ लिहिलं, उद्या काही झालं, की तो कागद तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

फॉर्म १-अ नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून, तपासून भरायचा असतो. प्रश्न जवळपास तेच, फक्त उत्तर डॉक्टरांचं. महाराष्ट्रात सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सचे अर्ज घेणाऱ्या सरकारी साइटवर, नोंदणी केलेले डॉक्टर आपल्या लॉगिनमधून तो ऑनलाइन भरतात. म्हणून आधी विचारून घ्या: “डॉक्टर, तुमची सारथीला नोंदणी आहे ना?” नसेल तर तिथे वेळ घालवू नका. डॉक्टरांकडे जाताना अर्जाचा क्रमांक, आधार, जुनं लायसन्स, रोजचा चष्मा आणि नेत्रतज्ज्ञांचा अलीकडचा कागद न्या. मधुमेहाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर ती चिठ्ठीही.

माझं स्वतःचं पहिलं नूतनीकरण मी एजंटकडून केलं होतं. त्याने मला एका दवाखान्याबाहेर स्कूटरवरच थांबायला सांगितलं, आत गेला आणि सही-शिक्का घेऊन बाहेर आला. डॉक्टरांनी माझं तोंडही पाहिलं नाही. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं, आज लाज वाटते. कारण त्याच वर्षी तपासणीत माझा डोळ्याचा दाब वाढलेला निघाला, तोही चष्मा बदलायला गेलो म्हणून. त्या सहीने मला पाच वर्षं दिली होती, आणि त्या पाच वर्षांत काचबिंदूने काय केलं असतं याचा विचार मी करत नाही.

पोर्टलवर

कॉम्प्युटर असेल तर मोबाइलपेक्षा तोच बरा, अक्षरं मोठी दिसतात. सारथी परिवहनच्या साइटवर जाऊन राज्य महाराष्ट्र निवडा आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये रिन्युअल उघडा. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती समोर येते. इथे पहिली अडचण येऊ शकते: माहिती येतच नाही. तुमचं लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या काळातलं असेल तर त्याची नोंद संगणकात कधी चढलेलीच नसते. मग मूळ पुस्तिका घेऊन ज्या आरटीओने ते दिलं तिथे ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. याला वेळ लागतो, म्हणून जुन्या पुस्तिकेवाल्यांनी वर्ष-सहा महिने आधीच क्रमांक टाकून बघावा. नव्या पद्धतीच्या क्रमांकात राज्य, आरटीओचा आकडा, मग वर्ष आणि मग सात आकडे असतात: एमएच १२, त्यापुढे २००७ वगैरे. तुमच्या क्रमांकात वर्ष दिसत नसेल तर तो जुना.

पुढे आधारचा ओटीपी घालून घरबसल्या अर्ज करण्याचा मार्ग विचारतात. तो घ्या. फेऱ्या वाचतात. पण त्याला दोन अटी. एक, आधारला जोडलेला मोबाइल तुमच्या हातात हवा. अर्ज भरताना नेमकं कळतं की आधारला नंबर जोडलाय तो थोरल्याचा, आणि थोरला बंगळुरूला मीटिंगमध्ये. आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. दोन, आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळायला हवं. एकावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रेय. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकावर माहेरचं नाव. एवढ्या-तेवढ्या फरकावरून अर्ज मागे येतात. जन्मतारखेचंही तेच, आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेतली आणि खरी तारीख वेगळी असते. फरक असेल तर तो आधी दुरुस्त करा, मग अर्ज.

नंतर फॉर्म १ तिथेच भरायचा, फोटो आणि सही चढवायची, डॉक्टरांचा १-अ जोडला गेलाय का ते बघायचं आणि पैसे भरायचे. केंद्रीय नियमातलं नूतनीकरणाचं शुल्क २०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे, वर टपालखर्च. उशीर झाला असेल तर जादा आकार लागतो. पडद्यावर जो आकडा येईल तो भरायचा, त्यापेक्षा जास्त कुणी मागितले तर ते त्याचे, सरकारचे नाहीत. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर घाबरून पुन्हा भरू नका. पोर्टलवर पेमेंटची स्थिती तपासायची सोय आहे, ती आधी वापरा. अर्ज क्रमांक कागदावर उतरवून घ्या. फोनमधले स्क्रीनशॉट आपल्या वयात वेळेवर सापडत नाहीत.

गाव बदललं असेल तर जुन्या आरटीओत जायची गरज नाही. लायसन्स नाशिकचं आणि तुम्ही आता मुलाकडे पुण्यात, तर नूतनीकरण पुण्यात होतं. पत्ता बदलण्याचं त्याच अर्जात उरकून टाका.

लायसन्सवर दुचाकीसाठी एमसीडब्ल्यूजी आणि चारचाकीसाठी एलएमव्ही अशा नोंदी असतात. पूर्वी टेम्पो किंवा टॅक्सी चालवत होतात आणि आता सोडलंय, तर टीआरची नोंद परत करता येते. नुसती घरची गाडी चालवायची असेल तर ते ओझं कशाला?

एकच डोळा असेल तर

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. उत्तर मोठ्याने देतो: मिळू शकतं, अटींवर. लायसन्स हातात येऊन किमान ५ वर्षं झाली असतील आणि त्यानंतर एका डोळ्याची नजर गेली असेल, वाहन हलकं आणि खासगी असेल, आणि गाडीला स्टिअरिंगच्या बाजूने बाहेर आरसा असेल, तर उरलेल्या डोळ्याने २५ मीटरवरची प्लेट वाचता आली की नियम पुरा होतो. भाड्याच्या गाडीला ही सवलत नाही. डोळा नुकताच गेला असेल तर मात्र थांबा. अंतराचा अंदाज नव्याने बसायला महिने लागतात. कपात चहा ओतताना तो बाहेर सांडायचा थांबला की समजा मेंदूला जमायला लागलंय, आणि मग मोकळ्या मैदानात कुणाला तरी शेजारी बसवून सुरुवात करा.

नकार आला तर, किंवा स्वतःच थांबायचं ठरवलं तर

आरटीओने नूतनीकरण नाकारलं तर तसा लेखी आदेश मागा. त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. पण नकार डोळ्यांमुळे असेल तर अपिलाआधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. कित्येकदा नव्या चष्म्याने किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनने तोच माणूस दोन महिन्यांनी तीच प्लेट वाचतो. अण्णांनी वाचली. यावेळी पाहुण्यांच्या गाडीची, आणि डाव्या डोळ्याने. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “तेव्हा खरंच धूळ होती.”

काहींना मात्र थांबावंसं वाटतं, तर त्यात कमीपणा नाही. मध्ये एक पायरी आहे ती आधी वापरून बघा: रात्री चालवायचं सोडा, मग पावसात सोडा, मग हायवे सोडा, दिवसा भाजी आणि बँक तेवढं ठेवा. पुरतं सोडायचं असेल तर काही करावं लागत नाही, मुदत संपू द्या. ओळखपत्र म्हणून ठेवायचं म्हणून नूतनीकरण करत असाल तर आधार आहेच. आणि पंचाहत्तरी झाली असेल तर एसटी फुकट आहे, राज्यभर. पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट.

अर्ज मंजूर झाला की कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये दिसणारं लायसन्स पोलिसांना दाखवायला कायदेशीर आहे. ते फोनमध्ये उतरवून घ्या आणि उघडायचं कसं ते नातवाकडून दोनदा शिकून घ्या. कार्ड यायच्या दिवसांत घरी कुणीतरी असू द्या, कारण पोस्टमनला दार बंद मिळालं तर ते परत जातं आणि मग आरटीओच्या खिडकीवर जाऊन शोधावं लागतं. हातात आलं की नाव, जन्मतारीख, दुचाकी-चारचाकीच्या दोन्ही नोंदी आणि एनटीची नवी तारीख तिथेच उभ्या उभ्या तपासा. मागच्या खेपेला एका वहिनींच्या कार्डावरून दुचाकीची नोंदच गळाली होती, आणि त्यांना ते स्कूटर अडवल्यावर पोलिसाने सांगितलं.